धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी कोकणातले दाखले: जाळं, कलम, मीठ, भात

खाडीकाठची_टीचर

नमस्कार मंडळी. जूनपासून आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारचे धर्मशिक्षण वर्ग पुन्हा सुरू होतील. पाचवी ते आठवीची मुलं, मिस्सानंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) पाऊण तास. निम्मी घरं मच्छीमारीची, बाकीची भात, आंबा, काजूवाली, काही मुलं मुंबईहून आजोळी राहायला आलेली. पुस्तकातले दाखले सगळे गहू, द्राक्षं आणि मेंढरांचे. इथे मेंढपाळ कुणी पाहिलेला नाही आणि द्राक्षं म्हणजे बाजारात पाव किलो मिळतात ती.

मला इथलेच रोजचे दाखले हवेत, पण ओढूनताणून नकोत. मुलं कामं बघत वाढलेली असतात, चुकीचं सांगितलं की लगेच पकडतात. सध्या चार ठिकाणी अडतंय:

१) मत्तय १३:४७ मधलं जाळं म्हणजे आपली रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) म्हटलं तर चालेल का?
२) रोमकरांस पत्र, अध्याय ११ मधलं कलम हापूसच्या कलमावरून शिकवता येईल का?
३) मिठाचा खारटपणा जातो कसा? (मत्तय ५:१३) आठवीच्या मुलांना मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड हे माहीत असतं.
४) निदणाचा (पिकातल्या तणाचा) दाखला. आपल्याकडे बेणणी (तण उपटणं) करतातच, मग त्या मालकाने 'उपटू नका' का सांगितलं?

वर्गात हाताळता येईल असं काही असेल तर उत्तम. खर्च शंभर-दोनशेच्या आत. आणि शेवटी 'म्हणून मुलांनो, आपण...' असं शेपूट लावायचं नाही, हे मी ठरवलंय.

---

कलमी_बागायत

टीचर, दुसऱ्या प्रश्नापासून धरतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हापूसचं कलम आणि रोमकरांस ११ हे एकमेकांच्या नेमके उलटे आहेत.

आपल्याकडे खुंट रायवळ आणि काडी हापूसची. मुळं रानटी, वरचा भाग जातिवंत, आणि फळ येतं ते काडीच्या जातीचं. पौलाच्या (हे पत्र त्याचंच) दाखल्यात (११:१७-२४) मूळ आहे जातिवंत जैतुनाचं आणि लावलेल्या फांद्या रानटी जैतुनाच्या. असं कलम कुठलाच माळी बांधणार नाही. हापूसच्या झाडावर रायवळाची काडी बांधली तर त्या फांदीला आंबे रायवळच लागतात, हे बागायतदाराचं दहा वर्षांचं पोरही सांगेल. पौलाला हे माहीत आहे. २४व्या वचनात तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या रीतीविरुद्ध आहे. दाखल्याचा सगळा जोर तिथेच आहे: परराष्ट्रीयांना (यहुदी नसलेल्यांना) त्या मुळाचा रस मिळाला तो त्यांच्या गुणामुळे नाही. त्याच्या आधी, १८व्या वचनात, ताकीद आहे की फांदीने फुशारकी मारू नये, ती मुळाला धरून नाही, मूळ तिला धरून आहे.

त्यामुळे 'येशू हापूस, आपण रायवळ, कलम झालं की आपण गोड' हे नेहमीचं वाक्य बागेच्या हिशेबानेही चूक आणि वचनाच्या हिशेबानेही. त्यापेक्षा मुलांना आधी आपलं कलम दाखवा, मग वचन वाचा आणि विचारा, 'यात उलटं काय आहे?' ती आपणहून सांगतील. तेवढ्यात अर्धा तास सहज जातो.

आपल्या पद्धतीच्या कलमाला जुळणारं वचन हवंच असेल तर याकोब १:२१ घ्या. तिथे माणसाच्या आत रुजवलेलं वचन नम्रपणे स्वीकारा असं आहे. खुंट रानटी, आणि जातिवंत ते बाहेरून आणून बसवलेलं. हे बरोबर बसतं.

प्रत्यक्ष करायचं तर कोय कलम करा. जुलै-ऑगस्ट हाच हंगाम आहे, वर्गाच्या वेळापत्रकात बसतो.

कोयी रायवळाच्या आणि ताज्या घ्या. महिनाभर पडून राहिलेल्या कोयीची उगवण फार घटते, म्हणून मे अखेर ते जूनमध्येच पिशव्यांत लावून टाका. रोप उगवून १० ते १५ दिवसांचं झालं की कलम बांधायचं. खूण एकच: पानं तांबूस हवीत. ती हिरवी झाली की खोड कडक होतं आणि कलमं कमी जगतात. रविवारची वाट बघत बसलात तर हमखास हीच चूक होते. म्हणून कोयी दोन वेळा, आठवड्याच्या अंतराने लावा, एक खेप तरी रविवारी नेमकी वेळेवर येईल.

काडी तीन-चार महिन्यांच्या फुटीची, १० ते १५ सेंमी लांब, जाडी रोपाएवढीच. ती झाडावर असतानाच ८-१० दिवस आधी पानं कापून फक्त देठ ठेवायचे, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. रोप कोयीपासून ६-८ सेंमीवर आडवं छाटायचं, मधोमध ४-५ सेंमी उभी चीर द्यायची. काडीला तेवढ्याच लांबीची दोन्ही बाजूंनी पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि निदान एका बाजूला तरी साल सालीला भिडली आहे ना ते बघायचं. २ सेंमी रुंदीची प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. वर पातळ प्लास्टिकची टोपी घालायची, पिशवी सावलीत ठेवायची, जोडावर पाणी जाऊ द्यायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत फुटवा दिसतो. सुरी मोठ्या माणसाच्याच हातात राहू द्या.

कलम मरतं ते बहुतेक तीन कारणांनी: बोथट सुरीने काप खडबडीत आला, पट्टी सैल राहून आत पाणी गेलं, किंवा काडी कापून ठेवल्यावर सुकली. चौथं कारण उशिरा कळतं. जोडाच्या खालून खुंटाला फूट येते आणि ती काडीच्या फुटीपेक्षा जोमदार असते. दिसली की लगेच नखाने खुडायची. राहिली तर काही वर्षांनी झाड हापूसचं म्हणून राखलेलं आणि आंबे रायवळ. गलती ५:१६-१७ (देहवासना आणि आत्मा यांचा झगडा) कधी शिकवायला घ्याल तेव्हा ही फूट झाडावरच दाखवा, वेगळं काही समजवावं लागणार नाही.

---

रापणीचो_दोर

टीचरबाय, पहिल्या प्रश्नाक उत्तर होय. मत्तय १३:४७ मधलं जाळं ओढजाळंच आहे, पागासारखं एकट्याने फेकायचं नाही. रापणीत एका बाजूचा दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात असतो, होडी जाळं सोडत अर्धगोल मारते आणि दुसरा दोर पुढे किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्ही बाजूंनी ओढायला सुरुवात. जाळ्याच्या खालच्या दोराला वजनं, वरच्या दोराला बुचं. खालचा दोर तळाला घासत यायला हवा. एका बाजूने घाईघाईने ओढलं तर जाळं तिरकं होतं, खालचा दोर उचलतो आणि मासळी खालून निघून जाते. म्हणून दोन्हीकडच्यांना एकमेकांकडे बघून ओढावं लागतं. पाण्यात असेपर्यंत निवड करताच येत नाही, जे सापडेल ते सगळं किनाऱ्यावर येतं. दाखल्यातही निवड किनाऱ्यावर, बसून होते.

पण एका ठिकाणी सांभाळा. 'चांगले मासे भांड्यात, वाईट फेकले' म्हणजे काय? ऐकणारे यहुदी होते. लेवीय ११:९-१२ प्रमाणे ज्याला पर आणि खवले दोन्ही नाहीत ते त्यांना वर्ज्य. गालील समुद्रात बिनखवल्यांचे शिंगाळ्यासारखे मासे मिळतात, ते त्यांना टाकूनच द्यावे लागत. तो नियम आपल्या रापणीला लावला तर शिंगाळा, मुशी, पाकट, कोळंबी, कुर्ल्या सगळं 'वाईटात' जाईल. सुंगटां (कोळंबी) फेकायची म्हटलं तर पोरं हसतील, आणि घरी जाऊन सांगतील ते वेगळंच! तेव्हा आपल्याकडचं वाईट म्हणजे केंड (विषारी, वर जाळी कुरतडतो तो), जेलीफिश, प्लास्टिकच्या पिशव्या, कुजकं लाकूड. ते सांगा. मोठ्या मुलांना लेवीयचा नियम सांगून लगेच मार्क ७:१९ (सगळं अन्न शुद्ध) काढून दाखवा, म्हणजे आपल्या ताटात कुर्ली कशी आली तेही कळेल.

आणखी एक, ४९वं वचन सोडू नका. निवड देवदूत करतात, जाळं ओढणारे नाहीत. वर्गात मुलांकडून माशांची चित्रं निवडून घेण्याचा खेळ बरेच जण घेतात. त्यात मुलंच न्यायाधीश होतात आणि मग वर्गातला 'केंड' कोण यावर चिडवाचिडवी सुरू. त्यापेक्षा खेळात दोर ओढायला लावा.

जून-जुलैसाठी दुसरा दाखला देतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्या दिवसांत अंगणाअंगणात जाळी दुरुस्त होतात. मार्क १:१९ मध्ये याकोब आणि योहान होडीत बसून नेमकं हेच करत होते. जुन्या जाळ्याचा हातभर तुकडा, जाळं विणायची प्लास्टिकची सुई आणि थोडा नायलॉन दोरा एवढं आणा, शंभराच्या आत काम होतं. कुणाचा बाबा किंवा काका बसला तर उत्तमच.

बघण्यासारखी गोष्ट ही: फाटलेलं भोक तसंच शिवता येत नाही. आधी कात्रीने ते मोठं करावं लागतं. जाळ्यातल्या प्रत्येक गाठीतून चार दोरे निघतात. कापताना सगळ्यात वरची एक आणि सगळ्यात खालची एक गाठ तीन दोऱ्यांची ठेवायची, कडेच्या बाकी सगळ्या गाठी दोन दोऱ्यांच्या. वरच्या तीनवाल्यापासून सुरू करायचं, ओळीओळीने खाली यायचं आणि खालच्या तीनवाल्यावर संपवायचं. लोंबणारे तुटके दोरे तसेच ठेवून वरच्यावर शिवलं तर आस (जाळ्यातला चौकोन) लहान-मोठी होते, ओढताना सगळा ताण तिथेच येतो आणि जाळं त्याच जागी पुन्हा फाटतं. नायलॉनची गाठ सरकते, म्हणून प्रत्येक गाठ दोरा ओला करून आवळायची. प्रायश्चित्त संस्काराच्या (पापांच्या कबुलीच्या) तयारीला हे घ्या. 'आधी भोक मोठं का केलं?' एवढंच विचारा आणि गप्प राहा.

---

वसईची_कुपारीण

वरची दोन्ही उत्तरं वाचून बरं वाटलं. रापणकर दादांच्या एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवायची सवय मुलांना लावू नये. दोर म्हणजे विश्वास, बुचं म्हणजे आशा, वजनं म्हणजे पाप असं सुरू झालं की थांबत नाही. तुम्ही ते केलं नाहीत, पण दोर ओढायचा खेळ घेतला की पुढच्या रविवारी कुणीतरी करणारच. योहान २१:११ मधले १५३ मासे घ्या. संत आगुस्तीनने हिशेब मांडला की १ ते १७ आकड्यांची बेरीज १५३ होते, आणि त्यावर दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दानं असा अर्थ लावला. गणित बरोबर आहे, मुलांना गंमत म्हणून सांगाही. पण कोळ्याच्या घरात मासे मोजतात ते वाटे पाडायला, आणि मुलांना ते कारण आधी सुचेल. त्यात काही वावगं नाही.

मी शिक्षकांना तीन गोष्टी सांगते. मत्तय १३ मधल्या पेरणारा, निदण आणि जाळं या तीन दाखल्यांचा उलगडा येशूने स्वतः केला आहे, तिथे आपली भर घालू नये. बाकीच्या ठिकाणी एका तासाला एकच मुद्दा. आणि वस्तू आधी, वचन नंतर. वचन आधी वाचलं की मुलं 'अपेक्षित उत्तर' शोधायला लागतात आणि वस्तूकडे बघत नाहीत.

एकाच वस्तूचे दोन अर्थ असतात हेही लपवू नका. मत्तय १३:३३ मध्ये खमीर म्हणजे स्वर्गाचं राज्य. १ करिंथ ५:६-८ मध्ये तेच खमीर काढून टाका म्हटलंय. ही दोन वचनं वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या शिक्षकांनी शिकवली की मुलं गोंधळतात. माडीवर आंबवलेलं सान्नांचं (इडलीसारख्या पदार्थाचं) पीठ दाखवलं की दोन्ही समजतात: वेळेवर वाफवलं तर जाळीदार, दिवसभर तसंच राहिलं तर आंबट ढाण.

ऑक्टोबरात आमच्याकडे आगेरा असतो. नवीन भाताच्या लोंब्या देवळात आणून त्यांना आशीर्वाद देतात. तुमच्याकडे नव्यांचं फेस्त असेल. जूनपासून वर्गात वाढवलेलं भाताचं रोप त्या दिवशी वेदीवर जाईल असं नियोजन करा.

---

मिठागराच्या_बांधावरून

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिठागरातच आहे. शिरोड्याची मिठागरं तुमच्यापासून लांब नसतील. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे मुलांना ते नाव इतिहासातही येतं.

आठवीची मुलं बरोबर आहेत. सोडियम क्लोराइडची चव जात नाही. पण समुद्रातून निघतं ते नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यातलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. पाणी आटत गेलं की हे क्षार क्रमाने बसतात. समुद्राचं पाणी घनतामापकावर साधारण ३ ते ३.५ बोमे (त्या मापकाचे अंश) दाखवतं. १३ च्या पुढे जिप्सम बसू लागतं, २५ च्या सुमारास मीठ धरतं, आणि २९-३० च्या वर गेलं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यावं लागतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते मिठात राहिले तर मीठ कडवट लागतं आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं.

त्या काळचं मीठ असंच मिश्र असे, मृत समुद्राकाठचं तर फारच. त्याला ओल लागली की खरं मीठ विरघळून वाहून जातं, आणि मागे जिप्सम आणि माती उरते. दिसायला पांढरट, चवीला काहीच नाही. म्हणजे मीठ बिघडत नाही, ते निघून जातं आणि मिठासारखा दिसणारा गाळ उरतो.

वर्गात दाखवायला: मिठागरातलं न धुतलेलं खडे मीठ मूठभर घ्या, फडक्यात बांधा, वरून हळूहळू दोन-तीन लिटर पाणी सोडा. फडक्यात उरलेली चिमूट मुलांच्या बोटावर ठेवा आणि जिभेला लावायला सांगा. पाकिटातलं शुद्ध केलेलं आयोडीनचं मीठ घेऊ नका, ते जवळजवळ सगळं विरघळतं आणि प्रयोग फसतो. उन्हात पाणी आटवून मीठ करायचा दुसरा प्रयोग फेब्रुवारी ते मे एवढ्याच दिवसांत होतो. पसरट ताटलीत अर्धा लिटर पाणी, वर मलमल, चार-सहा दिवस. शेवटचं चमचाभर पाणी ओतून टाकायला विसरू नका, नाहीतर मीठ ओलंच राहतं.

मीठ म्हटलं की सगळे चवीचंच बोलतात. मासळीच्या घरातल्या मुलांना टिकवणं जास्त कळेल. सुकवायच्या आधी मासे खारवताना चार किलो माशाला साधारण किलोभर मीठ लागतं. हात आखडता घेतला की मासा मधून कुजतो. वरून चांगला दिसतो, काट्यापाशी वास मारतो.

---

खाडीकाठची_टीचर

सगळ्यांचे आभार. रोमकरांस ११ बद्दल तर डोळे उघडले. निदणाचं राहिलं. आणि एक अवघड प्रश्न: निसर्ग वादळात ज्यांच्या नारळी-पोफळी गेल्या अशा नातेवाइकांच्या गोष्टी मुलं घरी ऐकतात. 'देवाने का पाडलं?' असं विचारलं तर रोजच्या जगण्यातून 'धडा' काढायचा तरी कसा?

---

संडेस्कूल_रत्नागिरी

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. तिथे धडा काढायचा नाही. लूक १३:१-५ वाचा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. योहान ९:३ मध्ये जन्मांध माणसाबद्दल तेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत बागा आडव्या झाल्या. ते चक्रीवादळ होतं, त्याच्या वाटेत ज्यांच्या बागा होत्या त्यांच्या पडल्या. चांगल्या-वाईटाची निवड त्यात नव्हती. मुलांना हे एवढ्याच स्पष्ट शब्दांत सांगा. 'देव परीक्षा घेतो' हे वाक्य तर वर्गात येऊच देऊ नका. मूल ते घरी जाऊन आजोबांना सांगतं, आणि आजोबांची बाग गेलेली असते.

त्याच अध्यायात पुढे (१३:६-९) तीन वर्षं फळ न दिलेल्या अंजिराचा दाखला आहे. माळी म्हणतो, अजून एक वर्ष द्या, मी भोवती खणून खत घालतो. हे मात्र रोजचं काम आहे आणि इथे जसंच्या तसं लागू पडतं. पावसाच्या सुरुवातीला आंब्याच्या मोठ्या झाडाला फांद्यांच्या घेराच्या थोडं आत गोल चर मारून ५० किलोच्या आसपास शेणखत घालतात. खोडाजवळ ओतलं तर वाया, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिथे नसतात. मुलांना झाडाखाली उभं करून विचारा, खणायचं कुठे? बहुतेक जण खोडाकडे बोट दाखवतील.

नारळाची उंच जात लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, हेही सांगून ठेवा. नवी बाग लावणारा माणूस काय करतोय ते त्यांना कळेल.

---

भातखाचर

निदणाचं उत्तर शेतातच आहे. दाखल्यातलं निदण गव्हासारखंच दिसणारं गवत असतं, लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. ओळखू येतं तेव्हा त्याची मुळं गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात, एक उपटलं तर दुसरं उपटून येतं (मत्तय १३:२९). म्हणून मालक थांबायला सांगतो.

आपल्याकडे भातात पाखड असतं. लहानपणी अगदी भातासारखंच. पण ओळखायची खूण आहे: पान जिथे खोडाला मिळतं तिथे ते हलकेच मागे वाकवून बघा. भाताला तिथे पातळ पांढरी जिभली आणि बारीक केसाळ कानं असतात, पाखडाला दोन्ही नसतात. लावणी ओळीत असेल तर बेणणी करताना भात सुटं राहतं. त्यामुळे आपण उपटतो ते बरोबर, आणि तो मालक थांबला तेही बरोबर. पीक वेगळं, पेरायची रीत वेगळी.

वर्गासाठी दोन्ही रोपं मुळासकट आणा, चिखल धुऊन, आणि मुलांना जिभली शोधायला लावा. हातात भिंग असेल तर बहार. अर्ध्याहून जास्त मुलं पहिल्या खेपेला चुकतात. ती चुकल्यावर २९वं वचन वाचा. आणि ३८वं जरूर वाचा: शेत म्हणजे जग. निदण म्हणजे मनातल्या वाईट सवयी असं शिकवलं की पंचाईत होते, कारण मग 'कापणीपर्यंत राहू द्या' याचा अर्थ सवयी राहू द्या असा निघतो!

पेरणाऱ्याच्या दाखल्यातली शंभरपट अतिशयोक्ती वाटत असेल तर हिशेब मांडून दाखवा. हेक्टरी ४० किलो बियाणं आणि चांगल्या खाचरात ४ टन भात, म्हणजे शंभरपट. वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत तीसपटसुद्धा नशीब.

---

वसईची_कुपारीण

टीचर, एक छोटी भर. मुलांनी घरी काय करायचं असं पालक विचारतात. दाखले शोधायचा गृहपाठ देऊ नका, पोरं कुठूनतरी काहीतरी जुळवून आणतात. त्याऐवजी संत इग्नाशियसची रात्रीची उजळणी लहान करून द्या, पाच मिनिटांची: आज मिळालेल्या एका गोष्टीबद्दल आभार, नीट बघायला प्रकाश माग, सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस क्रमाने आठव, जिथे चुकलं तिथे क्षमा माग, उद्या एक गोष्ट ठरव. 'आज देव कुठे दिसला?' असं थेट विचारू नका. 'आज कुणी तुझ्यासाठी काय केलं?' असं विचारा. पहिल्याला उत्तर पाठ केलेलं येतं, दुसऱ्याला पाण्याची कळशी, भावाने सायकलवरून सोडणं असं खरं काही येतं.

---

खाडीकाठची_टीचर

ठरलं. जूनच्या पहिल्या तासाला भात घेते, योहान १२:२४ साठी. 'दाणा मेला नाही तर एकटा राहतो.' जीवशास्त्रवाले म्हणतील दाणा मरत नाही, रुजतो. भातखाचर दादा, बी कसं तयार करू? आणि दाखवायचं काय?

---

भातखाचर

३ टक्के मिठाचं पाणी करा: एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ. त्यात वाटीभर बियाण्याचं भात टाकून ढवळा. वर तरंगतं ते पोचट, काढून टाका. तळाला बसलेलं दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर उगवण मार खाते. हे रविवारी वर्गातच करा आणि प्रत्येकाला वीस-पंचवीस दाणे द्या. घरी २४ तास भिजत, मग ओल्या फडक्यात बांधून उबेला दीड-दोन दिवस. बुधवारपर्यंत मोड येतात. नारळाच्या करवंटीत चिखल घालून वर पसरायचे, खोल पुरायचे नाहीत.

पेरल्यावर दहा-बारा दिवसांनी, म्हणजे त्याच्या पुढच्या नाही तर त्यानंतरच्या रविवारी, प्रत्येकाने एक रोप हलक्या हाताने उपटून आणायचं. मुळाशी जुना दाणा अजून चिकटलेला असतो. तो दोन बोटांत दाबायला सांगा. साल तशीच, आत काही नाही, फार तर दुधासारखं पाणी. आतलं सगळं रोपात गेलेलं असतं. जीवशास्त्र आणि योहान दोघांचंही त्यात भागतं, वेगळं समजवायला जाऊ नका.

मुंबईच्या मुलांना आधीच सांगून ठेवा: घरून तांदूळ आणायचे नाहीत, सालीसकट भात लागतं. आणि जुन्या कणगीतलं नको, गेल्या हंगामाचंच घ्या.